एक डीव्हीडी लिहायला पन्नास मिनिटे: दोष ड्राइव्हचा, तबकडीचा की आणखी कशाचा?

पेरूगेट (धागाकर्ता) | ३ ऑगस्ट, सकाळी ७.४०

नमस्कार. या महिन्याच्या अखेरीस आमच्या आजीचे सहस्रचंद्रदर्शन आहे. घरातल्या जुन्या व्हिडिओ कॅसेटींमधून आणि नातेवाइकांकडच्या लग्नामुंजींच्या व्हीसीडींमधून आजी जिथे जिथे दिसते ते प्रसंग वेचून मी दोन तासांची एक चित्रफीत जुळवली आहे. तिच्या पंचवीस डीव्हीडी करून पाहुण्यांना द्याव्यात असे घरात ठरले आहे. पेनड्राइव्ह का नाही, असे विचारणाऱ्यांना आधीच सांगतो की साताऱ्याच्या आत्या, वाईचे काका आणि एकूणच सत्तरीच्या पुढची आमची मंडळी टीव्हीखाली ठेवलेला डीव्हीडी प्लेयर अजून वापरतात आणि त्यात तबकडी सरकवणे त्यांना उत्तम जमते.

संगणक २००६ साली जोडून घेतलेला आहे. पेंटियम ४, १ जीबी रॅम, विंडोज एक्सपी, ८० जीबीची हार्ड डिस्क आणि पट्टीच्या केबलने जोडलेला १६ एक्सचा डीव्हीडी रायटर, असा जामानिमा आहे. लिहिण्यासाठी इमेजबर्न वापरतो. फाइल ४.१ जीबीची आहे. पूर्वी याच यंत्रातून एवढी डीव्हीडी पंधरा मिनिटांत बाहेर येत असे. आता पन्नास मिनिटे लागतात, आणि तेवढा वेळ माउस चिखलात रुतल्यासारखा हलतो. अँटीव्हायरस बंद करून पाहिला, हार्ड डिस्क डीफ्रॅगमेंट केली, इमेजबर्न काढून पुन्हा टाकले. फरक पडला नाही. या वेगाने पंचवीस तबकड्यांना जवळजवळ एकवीस तास लागतील. त्यातून गुरुवारी आमच्या भागात देखभालीसाठी वीज बंद असते, त्यामुळे तो दिवस धरताच येत नाही. दोष नेमका कुठे शोधावा?

चहाटळ | ३ ऑगस्ट, सकाळी ८.१५

नीरो या तबकड्या लिहिण्याच्या प्रोग्रॅमच्या चिन्हात निदान जळते कोलोसियम असे, त्यामुळे कुठेतरी काहीतरी जळते आहे एवढा दिलासा मिळे. आपल्याकडे नुसताच धूर दिसतो.

कर्वेरस्ता | ३ ऑगस्ट, सकाळी ९.०५

माझ्या मते दोष तबकडीत आहे. प्रत्येक कोऱ्या डीव्हीडीवर उत्पादकाचा एक संकेत आधीच कोरलेला असतो. ड्राइव्हच्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे त्याच्या आत भरून दिलेल्या प्रोग्रॅममध्ये, अशा संकेतांची यादी असते आणि कोणत्या रंगद्रव्यावर लेसर किती जोराने आणि किती काळ मारायचा हे त्या यादीवरून ठरते. संकेत यादीत सापडला नाही तर ड्राइव्ह धोका पत्करत नाही आणि हळू लिहितो. वेष्टनावर ‘१६ एक्स’ छापलेले असले, तरी त्या छपाईशी ड्राइव्हला काही देणेघेणे नसते. एकाच नावाच्या दोन स्पिंडलमध्ये (तबकड्यांच्या गठ्ठ्यांमध्ये) दोन वेगळ्या कारखान्यांच्या तबकड्या निघाल्याचे मी स्वतः पाहिले आहे. इमेजबर्नच्या उजव्या बाजूच्या चौकटीत ‘डिस्क आयडी’ दिसतो, तो इथे द्यावा.

औंधकर | ३ ऑगस्ट, सकाळी १०.३०

वर कर्वेरस्ता यांनी म्हटले ते खरे असले, तरी ‘१६ एक्स’ या शब्दाबद्दलही थोडे सांगायला हवे, कारण निम्म्या तक्रारी तिथूनच उगवतात. डीव्हीडीचा १ एक्स म्हणजे सेकंदाला सुमारे १.३८५ एमबी, सीडीचा १ एक्स म्हणजे फक्त १५० केबी. दोन्हीकडे अक्षर एकच असल्यामुळे ५२ एक्सची सीडी १६ एक्सच्या डीव्हीडीपेक्षा वेगवान असावी असे वाटते. प्रत्यक्षात मात्र उलट आहे.

दुसरे असे की, १६ एक्स हा वेग फक्त बाहेरच्या कडेला मिळतो. डीव्हीडीवरची माहिती केंद्रापासून साधारण २४ मिलिमीटरवर सुरू होऊन ५८ मिलिमीटरवर संपते. तबकडी एकाच गतीने फिरत असेल, तर आतल्या कडेला लेसरखालून जाणारी लांबी बाहेरच्या कडेच्या दोन-पंचमांश एवढीच असते. म्हणजे सुरुवात साडेसहा एक्सच्या आसपास होते. भरलेली डीव्हीडी ८ एक्सने साधारण आठ मिनिटांत लिहून होते आणि १६ एक्सने साडेपाच-सहा मिनिटांत. दुप्पट आकड्यामुळे वाचतात ती दोन मिनिटे, आणि त्यासाठी तबकडीला मिनिटाला नऊ हजारांच्या आसपास फेरे घ्यावे लागतात.

अर्थात यातून पन्नास मिनिटांचा उलगडा होत नाही, हे मान्य आहे.

पेरूगेट | ३ ऑगस्ट, दुपारी १२.२०

डिस्क आयडी ‘सीएमसी मॅग. एएम३’ असा दिसतो आणि त्याखाली ४, ८, १२ आणि १६ एक्स असे वेग दाखवले जातात. मी ८ एक्स निवडतो. पंचवीस तबकड्या तपकीर गल्लीतून आणल्या. दोन दुकानांत ‘आता कोण विचारतो’ असे ऐकून तिसऱ्या दुकानात ५०चा स्पिंडल मिळाला. त्यातल्याच त्यांनी पंचवीस मोजून दिल्या.

तबकडीवाला | ३ ऑगस्ट, दुपारी १.४५

बुधवार पेठेत मी दहा-बारा वर्षे तबकड्यांच्या प्रती करून देण्याचा व्यवसाय केला. आयडी यादीत आहे आणि ड्राइव्ह १६ एक्सपर्यंतचे वेग देऊ करतो आहे, त्यामुळे तबकडीला तूर्त बाजूला ठेवावे. तीन गोष्टी विचारतो आणि त्यांची उत्तरे घड्याळ लावून द्यावीत ही विनंती.

पन्नास मिनिटांपैकी लिहिण्यात किती जातात आणि लिहिल्यानंतरच्या पडताळणीत किती? लिहिताना इमेजबर्नमध्ये जे दोन बफर, म्हणजे माहितीचे तात्पुरते साठे, दिसतात, त्यांपैकी ड्राइव्हचा बफर भरलेला राहतो की वरखाली होतो? आणि वेग सुरुवातीला कमी असून पुढे वाढतो, की पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच आकड्यावर रेंगाळतो?

आमच्या दुकानात येणारा प्रत्येक जण ‘फार वेळ लागतो’ एवढेच सांगत असे, आणि त्या एका वाक्यामागे पाच वेगळे आजार असत.

शंकासूर | ३ ऑगस्ट, दुपारी ३.१०

पडताळणी बंद केली तर वेळ आपोआप निम्म्यावर येईल. पंचवीस तबकड्यांसाठी एवढा शोध घेण्यापेक्षा एखाद्या स्टुडिओतून प्रती करून घ्याव्यात, म्हणजे सुटकेचा निःश्वास टाकता येईल.

स्वरगंधा | ३ ऑगस्ट, सायंकाळी ५.००

शंकासूर, पडताळणी बंद करण्याचा सल्ला मला मुळीच पटत नाही. आमच्या गायन वर्गाच्या वार्षिक कार्यक्रमाच्या चाळीस प्रती मी घाईने पडताळणीशिवाय केल्या होत्या. पालकांकडून सात परत आल्या, आणि त्या सातही लिहिताना यशस्वी म्हणून घोषित झालेल्या होत्या. लेसरने खूण केली आणि ती खूण वाचता येते, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पेरूगेट यांना दोन सूचना कराव्याशा वाटतात. पहिली तबकडी लिहून झाली की ती कोणत्याही जुन्या प्लेयरवर पूर्ण लावून पाहावी आणि मगच उरलेल्या चोवीस कराव्यात. आणि वर आजींचे छायाचित्र लावण्यासाठी गोल कागदी लेबल चिकटवू नये, कारण ते केसभर जरी एका बाजूला सरकले तरी तबकडीचा तोल जातो आणि जोराने फिरताना ती थरथरते. छापता येणारी पांढऱ्या पृष्ठभागाची डीव्हीडी मिळाली तर उत्तम. नाहीतर तबकडीसाठी असलेल्या मऊ टोकाच्या मार्करने नाव लिहावे.

पेरूगेट | ३ ऑगस्ट, रात्री १०.५०

तबकडीवाला यांच्या सांगण्याप्रमाणे घड्याळ लावून बसलो. लिहिण्यात २७ मिनिटे गेली आणि पडताळणीत २३. लिहिताना वेग पहिल्या मिनिटापासून शेवटपर्यंत २ एक्सच्या आसपास राहिला, आणि पडताळताना सव्वादोन एक्सच्या आसपास. ड्राइव्हचा बफर सतत रिकामा होत होता. तो शून्याजवळ आला की ड्राइव्हचा आवाज क्षणभर बदलायचा, मग तो भरायचा आणि पुन्हा रिकामा व्हायचा. इमेजबर्नचा स्वतःचा बफर मात्र सगळा वेळ १०० टक्के भरलेला होता.

तबकडीवाला | ३ ऑगस्ट, रात्री ११.३०

आपले मोजमाप वाचून समाधान वाटले, कारण यात जवळजवळ सगळे उत्तर आहे.

प्रोग्रॅमचा बफर भरलेला आहे, म्हणजे हार्ड डिस्क माल वेळेवर पुरवते आहे. डीफ्रॅगमेंट करून फरक का पडला नाही ते यावरून कळते. ड्राइव्हचा बफर मात्र उपाशी आहे. म्हणजे मेमरीपर्यंत आलेला माल पुढे ड्राइव्हपर्यंत पोहोचत नाही. बफर रिकामा झाला की पूर्वी तबकडी वायाच जाई. २००० सालानंतरच्या ड्राइव्हमध्ये लेसर थांबवून त्याच जागेपासून पुन्हा लिहायला सुरुवात करण्याची सोय आली, म्हणून आपली तबकडी निदान पूर्ण होते. जो आवाज बदलताना ऐकू येतो, तो याच थांबण्याचा आणि पुन्हा जुळवून घेण्याचा आहे. मात्र लिहिता लिहिता वीज गेली तर ही सोय उपयोगी पडत नाही, म्हणून गुरुवार टाळता आहात ते योग्यच आहे.

आता सर्वांत महत्त्वाची खूण. तबकडी वाईट असती तर लिहिणे संथ झाले असते, पण लिहून झालेली, चांगली वाचता येणारी तबकडी वाचताना ड्राइव्हने बारा-चौदा एक्सपर्यंत सहज मजल मारायला हवी होती. आपल्याकडे वाचनही सव्वादोनच्या पुढे जात नाही. जाताना आणि येताना दोन्ही वेळा गाडी त्याच वेगाने रखडत असेल, तर गाडीला किंवा मालाला दोष देण्यात अर्थ नाही, रस्ताच अरुंद झालेला आहे. आणि त्या वेळी माउस रुतत असेल, तर तो रस्ता पीआयओचा आहे असे मी पैजेवर सांगतो.

डीएमए पद्धतीत कंट्रोलर मेमरीतून माहिती परस्पर उचलून ड्राइव्हला देतो आणि प्रोसेसर आपल्या कामाला मोकळा राहतो. पीआयओ पद्धतीत तोच प्रोसेसर प्रत्येक तुकडा स्वतः उचलून ठेवतो. मार्केट यार्डात पेढीच्या मालकाने गल्ला सोडून एकेक पोते स्वतःच्या पाठीवरून वाहायला सुरुवात केली, तर पोतीही हळू जातील आणि गिऱ्हाइकेही ताटकळतील, तसे आपले यंत्र सध्या चालले आहे. टास्क मॅनेजरच्या ‘व्ह्यू’मध्ये ‘शो कर्नल टाइम्स’ निवडून लिहिताना आलेखाकडे पाहावे. लाल रेघ वर चिकटलेली दिसेल.

औंधकर | ४ ऑगस्ट, सकाळी ८.२०

एक शंका आहे. पीआयओ मोड ४ची मर्यादा सेकंदाला १६.६ एमबी आहे आणि ८ एक्सला ११ एमबी पुरतात. मग पीआयओ असले तरी ८ एक्स मिळायला हवा, नाही का?

तबकडीवाला | ४ ऑगस्ट, सकाळी ९.१०

हिशेब बरोबर आहे, पण तो कागदावरचा आहे. १६.६ ही वायरची क्षमता झाली. तोच प्रोसेसर त्याच वेळी हार्ड डिस्कवरून आलेली फाइल हाताळतो, पडदा रंगवतो आणि मधूनच पोती वाहतो. दुकानातल्या यंत्रांवर मला पीआयओमध्ये सेकंदाला दोन-तीन एमबींच्या पुढे गेल्याचे क्वचितच दिसले. पेरूगेट यांचे ४.१ जीबी २७ मिनिटांत, म्हणजे सेकंदाला पावणेतीन एमबी होतात.

जुनाट_यंत्र | ४ ऑगस्ट, सकाळी ११.००

तबकडीवाला यांच्या निदानाशी मी सहमत आहे. उपाय सांगतो, पण त्याआधी कारण सांगतो, कारण कारण कळले नाही तर हा आजार उलटतो.

विंडोज एक्सपीचा आयडीई ड्रायव्हर, म्हणजे पट्टीच्या केबलवरच्या ड्राइव्हशी बोलणारा प्रोग्रॅम, ड्राइव्हशी झालेल्या देवाणघेवाणीतल्या चुका मोजत असतो. माहिती जाताना बिघडली, किंवा ड्राइव्हने ठरलेल्या वेळेत उत्तर दिले नाही, की एक चूक नोंदवली जाते. अशा एकूण सहा चुका झाल्या की तो वेग एक पायरी खाली आणतो आणि चुका होतच राहिल्या तर पायरी पायरीने उतरत शेवटी पीआयओवर येतो. हेतू चांगला आहे, वेग कमी करून माहिती सुरक्षित ठेवावी हा. पण उतरलेला वेग तो आपण होऊन परत चढवत नाही. संगणक बंद करून चालू केला तरीही नाही.

उपाय असा. ‘माय कॉम्प्युटर’वर उजवी टिचकी देऊन डिव्हाइस मॅनेजर उघडावा, त्यात आयडीई कंट्रोलर्सखाली ‘सेकंडरी आयडीई चॅनल’ शोधावे आणि त्याच्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंग्ज’ पाहाव्यात. तिथे पीआयओ दिसले, तर तो चॅनल ‘अनइन्स्टॉल’ करून संगणक पुन्हा सुरू करावा. विंडोज चॅनल नव्याने ओळखते आणि चुकांची वही कोरी होते. ज्या चॅनलवर हार्ड डिस्क आहे त्याला मात्र विनाकारण हात लावू नये. आणि हे करण्याआधी चित्रफितीची एक प्रत दुसरीकडे ठेवावी, हे सांगायला नकोच.

पेरूगेट | ४ ऑगस्ट, दुपारी २.१५

आपण सांगितलेल्या ठिकाणी जाऊन पाहिले. ‘ट्रान्सफर मोड’समोर ‘डीएमए इफ अव्हेलेबल’ असेच निवडलेले आहे. म्हणजे डीएमए चालू आहे आणि हा तर्क चुकला, असे समजावे का?

कर्वेरस्ता | ४ ऑगस्ट, दुपारी २.४०

तबकडी बदलून पाहायला अजूनही हरकत नाही, एवढेच नम्रपणे सुचवतो.

जुनाट_यंत्र | ४ ऑगस्ट, दुपारी ३.०५

पेरूगेट, याच ओळीने अनेकांना फसवले आहे. ती आपली इच्छा आहे. ‘जमल्यास डीएमए वापर’ एवढाच तिचा अर्थ. प्रत्यक्षात काय चालले आहे ते त्याखालच्या, राखाडी अक्षरांतल्या ‘करंट ट्रान्सफर मोड’ या ओळीत लिहिलेले असते. ती वाचावी.

पेरूगेट | ४ ऑगस्ट, रात्री ९.३०

‘करंट ट्रान्सफर मोड’ या ओळीत ‘पीआयओ मोड’ असे लिहिले होते. तीच खिडकी मी आठ दिवसांपूर्वीही उघडली होती आणि वरची ओळ वाचून समाधानाने मिटली होती.

सेकंडरी चॅनल काढून टाकला आणि संगणक पुन्हा सुरू केला. त्याने ड्राइव्ह ओळखला आणि आणखी एकदा सुरू करायला सांगितले. आता त्या ओळीत ‘अल्ट्रा डीएमए मोड २’ दिसते. नवी डीव्हीडी लावली: लिहिणे ८ मिनिटे १० सेकंद, पडताळणी साडेपाच मिनिटे. लिहिता लिहिता मी हा प्रतिसाद टंकित करत होतो आणि माउस लोण्यासारखा फिरत होता. सर्वांचे मनःपूर्वक आभार.

चहाटळ | ४ ऑगस्ट, रात्री ९.४५

तबकडीवाला पैज जिंकले. कर्वेरस्ता यांनी सर्वांना अमृततुल्य पाजावे.

कर्वेरस्ता | ४ ऑगस्ट, रात्री १०.००

मान्य. पैज मी लावली नव्हती, तरीही मान्य.

लिनक्सप्रेमी | ५ ऑगस्ट, सकाळी ७.१५

विषय निघाला आहे म्हणून सांगतो की हे दुखणे फक्त विंडोजचे नव्हते. जुन्या लिनक्समध्ये ‘एचडीपार्म’ची आज्ञा देऊन डीएमए हाताने चालू करावे लागे आणि ते विसरलेल्या माणसाला असाच अनुभव येई. शिवाय घरगुती संगणकांवरच्या एक्सपीला ८ एप्रिल २०१४ नंतर नियमित सुरक्षा सुधारणा मिळत नाहीत. तेव्हा हा संगणक इंटरनेटला जोडलेला असेल, आणि वरच्या प्रतिसादावरून तसा दिसतो, तर काम झाल्यावर त्याची वायर काढून ठेवावी.

धनकवडीकर | ५ ऑगस्ट, सकाळी ११.५०

धागा थोडा वळवतो, त्याबद्दल क्षमस्व. माझ्या नव्या लॅपटॉपमध्ये ड्राइव्ह नाही, म्हणून यूएसबीचा बाहेरचा, पातळ ड्राइव्ह घेतला. विंडोजमध्ये कोरी तबकडी घातली की ‘यूएसबी फ्लॅश ड्राइव्हसारखी’ असा एक पर्याय येतो, तो निवडून सुमारे नऊ हजार छायाचित्रे ओढून टाकली. दोन तास झाले तरी काम संपले नाही. इथे पीआयओचा संबंध असू शकतो का?

तबकडीवाला | ५ ऑगस्ट, दुपारी १२.३०

आपल्याकडे पीआयओचा संबंध नाही. आपण निवडलेल्या पर्यायात तबकडीवर एकेक फाइल सुटी लिहिली जाते आणि प्रत्येक फाइलमागे तिची नोंदही लिहावी लागते. नऊ हजार छोट्या फाइलींसाठी लेसर नऊ हजार वेळा थांबतो आणि सुरू होतो. दुसरा, ‘सीडी-डीव्हीडी प्लेयरसाठी’ हा पर्याय निवडावा. किंवा त्याहून चांगले म्हणजे सगळ्या छायाचित्रांची आधी हार्ड डिस्कवर एक आयएसओ फाइल, म्हणजे अख्ख्या तबकडीची एकसंध प्रतिमा, करावी आणि ती एका दमात लिहावी. ड्राइव्ह मध्ये हब न घालता थेट लॅपटॉपला जोडावा, कारण तो आपली वीजही त्याच वायरमधून घेतो. आणि पातळ ड्राइव्ह साधारणपणे ८ एक्सच्या पुढे जातच नाहीत, तेव्हा १६ची अपेक्षा ठेवू नये.

तबकडी पुन्हापुन्हा लिहिण्याची, म्हणजे आरडब्ल्यू जातीची असेल, तर तिचा स्वतःचा वेगच बहुधा ४ एक्सचा असतो. त्यावर काही इलाज नाही.

निवृत्त_ग्रंथपाल | ५ ऑगस्ट, सायंकाळी ६.४०

वेगाची चर्चा मी कुतूहलाने वाचत होतो. आमच्या ग्रंथालयात हस्तलिखितांच्या प्रतिमा काही काळ तबकड्यांवर ठेवल्या जात असत, त्या अनुभवावरून एक सांगावेसे वाटते. घरी लिहिलेल्या डीव्हीडीत माहिती एका सेंद्रिय रंगद्रव्याच्या थरात असते, आणि ऊन, उष्णता व दमटपणा हे तिन्ही त्या थराचे आणि त्यामागच्या चकचकीत धातूच्या थराचे शत्रू आहेत. खिडकीजवळच्या फडताळातल्या आमच्या तबकड्या आधी गेल्या, आतल्या कपाटातल्या टिकल्या. पाहुण्यांना दिलेली प्रत हरवली वा खराब झाली तर हळहळ वाटेल, पण मूळ चित्रफीत फक्त तबकडीवर राहिली आणि ती गेली तर मात्र परत मिळणार नाही. म्हणून ती दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवावी.

पेरूगेट | ७ ऑगस्ट, रात्री ११.१०

ग्रंथपालांच्या सूचनेप्रमाणे मूळ फाइल भाच्याच्या हार्ड डिस्कवरही ठेवली. आता वाईट बातमी सांगतो. काल नऊ डीव्हीडी सुरळीत झाल्या. आज संध्याकाळी दहावी लावली आणि घड्याळ पुन्हा पन्नास मिनिटांवर गेले. ‘करंट ट्रान्सफर मोड’ पाहिला, तर पुन्हा पीआयओ. मध्यंतरी मी संगणकात काहीही बदललेले नाही.

शंकासूर | ७ ऑगस्ट, रात्री ११.२५

म्हणजे ड्राइव्हच म्हातारा झाला आहे. मी पहिल्याच दिवशी स्टुडिओ सुचवला होता.

जुनाट_यंत्र | ८ ऑगस्ट, सकाळी ७.००

चुकांची वही पुन्हा भरली आहे, तेव्हा चुका कोण करते आहे ते शोधू. केबलपासून सुरुवात करावी. रायटरची पट्टी ४० तारांची आहे की ८० तारांची? दोन्हींना टोकाला ४० छिद्रेच असतात, पण ८० तारांच्या पट्टीत प्रत्येक दोन तारांमध्ये एक जमिनीची (अर्थिंगची) तार असते आणि तिच्यामुळे शेजारच्या तारांची कुजबूज एकमेकींत मिसळत नाही. पट्टी अठरा इंचांपेक्षा लांब नसावी आणि कॅबिनेटच्या पत्र्यात चिमटलेली नसावी.

दुसरा प्रश्न: नवव्या आणि दहाव्या डीव्हीडीच्या मध्ये या ड्राइव्हमध्ये दुसरी कोणती तबकडी घातली होती का?

पेरूगेट | ८ ऑगस्ट, सकाळी ८.४५

पट्टी ८० तारांची आहे, आखूड आहे आणि कुठे दबलेलीही नाही.

दुसऱ्या प्रश्नाने मात्र चपापलो. काल दुपारी धाकट्या आत्यांनी त्यांच्या २००१ सालच्या लग्नाची व्हीसीडी आणून दिली, ‘यात आई फार छान दिसते, एवढे घालच’ म्हणून. ट्रंकेत राहिल्यामुळे तिच्यावर बुरशीचे ठिपके आहेत आणि कडेला ओरखडे आहेत. ती वाचून घेण्यासाठी मी अर्धा-पाऊण तास प्रयत्न केला. ड्राइव्ह घरघरायचा, विंडोज गोठायची, मग पुन्हा चालू व्हायची. आता आठवते की गेल्या महिन्यात अशाच पंधरा-वीस जुन्या व्हीसीडी मी याच ड्राइव्हमध्ये घालून उतरवून घेतल्या होत्या, आणि डीव्हीडीचा संथपणा त्यानंतरच सुरू झाला.

जुनाट_यंत्र | ८ ऑगस्ट, सकाळी ९.२०

धाग्याच्या पहिल्या प्रश्नाचे खरे उत्तर हे आहे. ओरखडलेल्या जागी ड्राइव्ह पुन्हापुन्हा वाचण्याचा प्रयत्न करत राहतो आणि ठरलेल्या वेळेत विंडोजला उत्तर देत नाही. विंडोजच्या दृष्टीने तो मौन पाळणारा ड्राइव्ह आहे. मौन ओरखड्यामुळे आहे की केबलमुळे, हे तिला कळत नाही. म्हणून दोष व्हीसीडीचा असूनही शिक्षा त्यानंतरच्या प्रत्येक कोऱ्या डीव्हीडीला होते. ड्राइव्ह म्हातारा झाल्याचा पुरावा अजून तरी नाही, शंकासूर.

चॅनल पुन्हा काढून टाकावा. जुन्या व्हीसीडी दुसऱ्या संगणकावर वाचाव्यात. हाताशी रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंग्जची अंतर्गत नोंदवही) हाताळणारे कोणी असेल, तर त्या चॅनलखाली ‘रिसेट एरर काउंटर्स ऑन सक्सेस’ या नावाची १ किमतीची नोंद करता येते. मग देवाणघेवाण नीट पार पडली की आधीच्या चुका पुसल्या जातात. पंधरा तबकड्यांसाठी तो खटाटोप करू नये असे माझे मत आहे.

स्वरगंधा | ८ ऑगस्ट, सकाळी १०.१०

बुरशीची व्हीसीडी मऊ, ओल्या सुती कापडाने मधून कडेकडे सरळ पुसावी. गोल गोल पुसू नये, कारण गोलाकार ओरखडा माहितीच्या रेषेबरोबरच धावतो आणि सलग मोठा भाग खातो. धनकवडीकर यांच्या नव्या ड्राइव्हवर ती कदाचित वाचता येईल.

धनकवडीकर | ८ ऑगस्ट, सकाळी १०.४०

ड्राइव्ह द्यायला तयार आहे. आयएसओ करून माझी नऊ हजार छायाचित्रे दहा मिनिटांत लिहून झाली, त्या आनंदात सध्या काहीही द्यायला तयार आहे.

पेरूगेट | १२ ऑगस्ट, रात्री ८.३०

पंचवीस डीव्हीडी झाल्या. सव्विसावी मुद्दाम जास्तीची केली, कारण एक पडताळणीत नापास झाली आणि ती कर्वेरस्ता यांच्या तर्काचा मान राखण्यासाठी बाजूला ठेवली आहे. साताऱ्याला एक आधीच पाठवली होती. आत्यांच्या प्लेयरवर ती शेवटपर्यंत चालली. धनकवडीकर यांच्या ड्राइव्हवर ती व्हीसीडी अर्धी वाचता आली. तिच्या डबीवर मार्करने ‘जुन्या संगणकात घालू नये’ असे लिहून ठेवले आहे.

चहाटळ | १२ ऑगस्ट, रात्री ८.५०

एवढे रामायण घडवणाऱ्या त्या व्हीसीडीत शेवटी निघाले तरी काय?

पेरूगेट | १२ ऑगस्ट, रात्री ९.१५

पंगत. छायाचित्रकाराने अकरा मिनिटे सलग जिलबी वाढणाऱ्यांच्या मागे कॅमेरा फिरवला आहे, आणि आजी कोपऱ्यात यजमानीण म्हणून आग्रह करायला वाकते तिथे चित्र थांबते.

तबकडीवाला | १२ ऑगस्ट, रात्री ९.३०

ते एक चित्र तिथेच धरून छापून घ्यावे. तबकडीच्या वरच्या बाजूला शोभेल.